गाडी आल्याचे रुग्णांपासून लपवले होते काय?

आधी तारखा, मग माणसे.

जूनचा पहिला सोमवार: त्रिसदस्यीय समितीची नेमणूक. जबाबदार: संस्थेचे अध्यक्ष.

जुलैचा दुसरा बुधवार: साधनाची निवड. जबाबदार: समितीच्या प्रमुख डॉक्टरबाई, सांख्यिकीचे प्राध्यापक आणि समितीचे तिसरे सदस्य, त्यातही मुख्यतः तिसरे सदस्य.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार: अहवालावर सह्या. जबाबदार: वरील तिघे.

ऑक्टोबरचा पहिला गुरुवार: फिरता दवाखाना बंद. जबाबदार: वरील सर्व. नुकसान सोसणारे: लोणावळ्याजवळच्या कुरवंडे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या वाडीतले रहिवासी, आणि त्यांतही एक मावशी, ज्यांच्या नवऱ्याच्या फिटच्या गोळ्या त्याच गाडीतून येत असत.

नावे मी देत नाही. अब्रुनुकसानीचा कायदा मला पाठ आहे. शिवाय वरील यादीतला तिसरा सदस्य मी स्वतःच असल्यामुळे माझ्याविरुद्ध दावा कोणी लावायचा, हा प्रश्न उपस्थित होतो आणि त्याचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.

मी न्यायालयात कारकून म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर लोणावळ्याच्या तुंगार्लीत राहायला आलो तेव्हा लोकांना वाटले, हा मनुष्य आता तलावाकाठी फिरेल आणि गप्प बसेल. मी फिरलो, परंतु गप्प बसलो नाही. तलावावर ‘पोहण्यास सक्त मनाई’ अशी पाटी होती. मनाई कोणत्या कलमान्वये, हे त्यावर लिहिलेले नव्हते. मी पत्र लिहिले. स्टेशनातले घड्याळ तीन मिनिटे मागे होते, पत्र लिहिले. घड्याळ काढून नेण्यात आले, तेव्हा ते का काढले याबद्दल पत्र लिहिले. उत्तरे फारशी येत नसत, पण पोचपावत्या मी वर्षवार लावून ठेवल्या आहेत.

फिरत्या दवाखान्याशी माझा संबंधही पत्रानेच आला. ही गाडी चालवणारी संस्था तळेगावची. दर गुरुवारी दहा वाजता कुरवंड्याच्या वरच्या वाडीच्या फाट्यावर गाडी येईल, असे त्यांच्या पत्रकात छापलेले होते. एकदा मी त्या बाजूला गेलो असता गाडी दहा चाळीसला आलेली मी प्रत्यक्ष पाहिली. वेळापत्रक हा लोकांशी केलेला करार असतो, अशा अर्थाचे चार पानी पत्र मी अध्यक्षांना धाडले. आठवड्याभरात त्यांचा स्वतःचा फोन आला. एका महत्त्वाच्या समितीवर सामान्य नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून मी यावे, असे ते म्हणाले.

मी हुरळून गेलो. घरातून मात्र ताबडतोब खुलासा झाला.

“समितीत घेतलं की पत्रं बंद होतील, असं वाटतंय त्यांना,” सौ. म्हणाल्या. सौ. तळेगावच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आहेत. माणसे आणि मुले यांच्याविषयी त्यांचे अंदाज चुकत नाहीत, हे मी येथे त्यांच्या परवानगीवाचून नमूद करतो.

समितीचे काम असे होते. फिरते दवाखाने चालवून लोकांची प्रकृती खरोखर सुधारते का, याबद्दल विश्वस्तांना खात्री हवी होती. खात्री नसेल तर गाडी बंद करून ते दुसरे काही करणार होते. त्यासाठी जगभरात अशा गाड्यांवर जेवढे अभ्यास छापून आले असतील तेवढे सगळे शोधायचे, एकेक अभ्यास किती भरवशाचा आहे ते तपासायचे आणि मग सगळ्यांचे मिळून म्हणणे काय, ते सांगायचे. याला पद्धतशीर आढावा म्हणतात. मी म्हटले, म्हणजे साक्षी नोंदवायच्या, उलटतपास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, “अगदी तसंच, काका.” हे वाक्य त्यांनी उच्चारले नसते तर पुढचा अनर्थ टळला असता, असे मला आजही वाटते.

अभ्यास भरवशाचा आहे की नाही हे ज्याने ठरवायचे त्याला ही मंडळी ‘साधन’ म्हणतात. मी भिंग किंवा तराजू अशा एखाद्या वस्तूची अपेक्षा करीत होतो. निघाल्या प्रश्नावल्या. जुलैच्या त्या बुधवारी तळेगावच्या महाविद्यालयात पहिल्या मजल्यावरच्या खोलीत डॉक्टरबाईंनी टेबलावर तीन गठ्ठे मांडले आणि यांतले एक निवडा म्हणाल्या.

पहिले साधन एका पानाचे. उत्तरे फक्त होय किंवा नाही. दुसऱ्यात प्रश्नागणिक तारे द्यायचे होते. ते मी तेथल्या तेथे फेटाळले. लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला ताऱ्यांची किंमत सांगायला नको. ज्या हॉटेलच्या पाटीवर तारे अधिक, त्याच्या न्हाणीघरात पाणी कमी. तिसरे साधन म्हणजे जाडजूड बाड होते. त्यात सात प्रकरणे, प्रत्येक प्रकरणात पाच-सहा प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला पाच प्रकारची उत्तरे: होय, बहुधा होय, बहुधा नाही, नाही, आणि माहिती उपलब्ध नाही.

‘बहुधा’ हा शब्द वाचला आणि माझे डोके फिरले.

“डॉक्टरबाई, मी इतकी वर्षे न्यायालयात काढली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून ‘बहुधा’ म्हणाला तर वकील त्याचे काय करतात ठाऊक आहे?”

“पण काका, पहिलं साधन चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगांसाठी आहे. गाडी कुठल्या गावांना पाठवायची आणि कुठल्या नाही, हे चिठ्ठी टाकून ठरवलं तर तो तसा प्रयोग. आपल्याला सापडलेल्या अभ्यासांत तसं कुणीच केलेलं नाही. गाडी जायची तिथे गेली, आणि लोकांना बरं वाटलं की नाही ते यांनी मागाहून मोजलं.”

“म्हणजे त्यांनी नियम पाळला नाही.”

“नियम नाही हो, रचना वेगळी आहे. वेगळ्या रचनेला वेगळं साधन लागतं.”

“एकाला एक कायदा आणि दुसऱ्याला दुसरा? कायद्यापुढे सर्व समान असतात.”

प्राध्यापकांना माझे म्हणणे पटले. कारण उदात्त नव्हते. पहिल्या साधनात ‘होय’ला एक गुण देऊन बेरीज करता येत होती. तिसऱ्यात बेरीज करू नये अशी स्पष्ट ताकीद होती, आणि बेरजेला मनाई असलेल्या कागदाकडे ते गृहस्थ उपाशी माणसाने औषधाकडे पाहावे तसे पाहत होते. डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिले. त्यांची ओपीडी खोळंबली होती.

“बरं, घ्या पहिलं,” त्या म्हणाल्या. “पण मला नाही पटलेलं, हे लिहून ठेवा.”

मी लिहून ठेवले. इतिवृत्त माझ्याकडेच होते.

प्रत्येक अभ्यास दोघांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे तपासायचा, असा या कामातला दंडक आहे. मला तो अत्यंत आवडला. मी आणि प्राध्यापक असे दोघे नेमले गेलो. मी माझ्या उत्तरपत्रिका कपाटात कुलूप लावून ठेवीत असे. प्राध्यापक तळेगावला आणि कपाट तुंगार्लीत, तरीही. एके दिवशी त्यांचा फोन आला.

“साहेब, पाचव्या अभ्यासाला तिसऱ्या प्रश्नात तुम्ही काय दिलंत?”

“हा साक्षीदार फोडण्याचा प्रकार आहे,” असे म्हणून मी फोन ठेवला आणि त्याच अर्थाचे पत्र त्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवले. पुढल्या बैठकीला ते माझ्याशेजारी न बसता समोर बसले. मला ते अधिक योग्य वाटले.

आता प्रश्न पाहा. पहिला: कोणत्या गावाला गाडी द्यायची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले होते काय? नाही. दुसरा: त्या चिठ्ठ्या आधी कोणाला दिसणार नाहीत अशा ठेवल्या होत्या काय? चिठ्ठ्याच नाहीत, तर लपवणार काय? नाही. तिसरा मूळ साधनात औषधाबद्दल होता, म्हणजे रुग्णाला खरी गोळी मिळाली की खडूची, हे त्याच्यापासून लपवले होते काय. आपल्या विषयाला लागू व्हावा म्हणून मी तो मराठीत असा उतरवला: गाडी आल्याचे रुग्णांपासून लपवले होते काय?

हे वाक्य मी स्वतः, शुद्धीवर असताना, सुवाच्य अक्षरात लिहिले. सबंध ऑगस्ट महिना मी व्हरांड्यात बसून एकामागून एका अभ्यासासमोर ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ असे लिहीत गेलो, आणि माझ्या मनात एकदाही आले नाही की भोंगा वाजवत चढण चढणारी पांढरी गाडी लपवायची कशी आणि लपवली तर तिच्यात रुग्णाने चढायचे कसे. उलट मला समाधान वाटत होते. इतके कडक न्यायाधीश मी उभ्या हयातीत पाहिले नव्हते.

“किती पास झाले?” सौ.नी चहा ठेवताना विचारले.

“एकही नाही.”

“एकही नाही? माझ्या वर्गात सगळी मुलं नापास झाली ना, तर मी आधी प्रश्नपत्रिका बघायचे.”

“हे शाळेचे काम नव्हे.”

“दिसतंच आहे,” म्हणून त्या आत गेल्या.

प्राध्यापकांची आणि माझी उत्तरे जुळवली तेव्हा एकाही जागी मतभेद निघाला नाही. पूर्ण एकमत! प्राध्यापकांनी त्याचा रंगीत तक्ता काढला. चुकीच्या प्रश्नावर दोन माणसांचे फार लवकर एकमत होते, हे मला तेव्हा सुचले नाही. अहवालाचे शेवटचे वाक्य मी घडवले: ‘फिरत्या दवाखान्यांच्या उपयुक्ततेबाबत विश्वासार्ह पुरावा आढळून आला नाही.’ डॉक्टरबाईंनी सही करताना पेन दोनदा उचलले आणि शेवटी कागदावर टेकवले. अध्यक्षांनी ते वाक्य वाचून ‘उपयोग नाही’ असा अर्थ काढला, गाडी संस्थेच्या आवारात उभी करून तिच्यावर ताडपत्री घातली, आणि मला अभिनंदनाचे पत्र पाठवले. पत्र पाठवणाऱ्याला पत्र आले, याचा मला जो आनंद झाला त्याची आता लाज वाटते.

ज्यांच्याविरुद्ध निर्णय झाला त्यांना नोटीस बजावली गेली पाहिजे. समितीत कोणालाही हे सुचले नव्हते. म्हणून ऑक्टोबरच्या त्या पहिल्या गुरुवारी मी अहवालाची प्रत घेऊन लोणावळ्याहून रिक्षा केली. नागफणीचा कडा पाहायला निघालेल्या दोन मोटारींनी वाटेत आम्हाला थांबवून पॉइंट कुठे, असे विचारले. मी त्यांना गावात हळू चालवण्याविषयी सुनावले, आणि दहाला पाच मिनिटे असताना वाडीच्या फाट्यावर उतरलो.

तेथे दहा-बारा माणसे बसली होती. त्यांना कोणी काही कळवलेच नव्हते. एक मावशी उठून पुढे आल्या. साठीच्या असतील. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात नवऱ्याचे केसपेपर. नवरा मागे दगडावर बसला होता.

“गाडी कुटं हाय, भाऊ?”

“मावशी, गाडी बंद झाली. समितीचा निर्णय आहे.”

“कोन समिती?”

“आम्ही तिघे आहोत.”

“मग बाकीचं दोघं कुटं हायेत? तुमालाच धाडलं व्हय शिव्या खायाला?”

मागे कोणीतरी हसले. मी अहवाल उघडला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात प्रश्नांसकट निष्कर्ष वाचला. मग दगडावरचे आबा, म्हणजे मावशींचे यजमान, म्हणाले, “आता मराटीत सांगा.”

मी सांगितले. कोणत्या वाडीला गाडी द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरवले असते, तर पुरावा पक्का ठरला असता, असे समजावले.

“म्हंजी निम्म्या वाड्यांना गाडी आन् निम्म्यांना न्हाई?” मावशींनी विचारले.

“होय.”

“ज्यांना न्हाई त्यांनी काय करायचं?”

“त्यांनी फक्त... म्हणजे, वाट पाहायची. आणि आपण त्यांची प्रकृती मोजायची.”

“त्ये तर आमी सकाळधरनं करतोय. लिवा की आमचं नाव!” आता सगळेच हसले. आबा म्हणाले, “आन् आमाला गाडी आली हे म्हाईत नसाया पायजे हुतं, आसं बी काय तरी वाचलं तुमी?”

“तो तिसरा प्रश्न.”

“आवो, भोंगा वाजिवती ती वळनापासनं. ह्यो आमचा शेजारी ठार भैरा हाय, त्याला बी कळतं. कुत्री वरडत्यात ना.”

येथपर्यंत मी सहन केले. लोकांनी हसणे हा काही युक्तिवाद नव्हे. पण मावशी हसत नव्हत्या. त्यांनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून माझ्यासमोर धरली. तीत चार गोळ्या होत्या.

“सोमवारपातुर हायेत. गोळी चुकली की ह्यांना फिट येती. लोनावळ्याला जायचं म्हंजी दोघांनी जायचं, ह्यांना येकलं सोडता येत न्हाई. आन् भात कापनीला आलाय. तुमच्या कागदात हे कुटं हाय?”

कोठेही नव्हते. मी तसे म्हणालो.

“मग मी तुमाला येक इचारती. रागावू नका.” त्यांनी डोंगराकडे हात केला. “गाडी सडक हाय तितंच येती. त्या तिकडच्या वाडीला सडक न्हाई, तर गाडी बी न्हाई. आता आमची मानसं त्यांच्यापरीस बरी हायेत, हे खरं. पर ती गाडीनं बरी हायेत का सडकेनं? सडक आसली की साळा जवळ, बाजार जवळ, बाळंतीन बी येळंवर जाती. तुमच्या त्या समद्या कागदांत हे कुनी इचारलं का?”

मी उलटतपास पुष्कळ ऐकले आहेत. नामांकित वकिलांचेही ऐकले आहेत. फाट्यावर उभे राहून जो उलटतपास मी त्या दिवशी सोसला तसा कोणत्याही साक्षीदाराच्या वाट्याला आलेला माझ्या स्मरणात नाही. कारण मला त्याच क्षणी ते जाड बाड आठवले. त्याच्या सात प्रकरणांपैकी पहिले प्रकरण नेमके हेच विचारत होते: ज्यांना सेवा मिळाली आणि ज्यांना नाही, ते मुळातच वेगळे होते काय, आणि असल्यास अभ्यासकाने त्याचा विचार केला आहे काय?

माझ्या एकपानी साधनात हा प्रश्न नव्हता, आणि नसण्याला कारण होते. चिठ्ठी टाकली की सडकेची आणि बिनसडकेची गावे दोन्ही बाजूंना सारखीच विखुरतात; मग वेगळे विचारायची गरज उरत नाही. चिठ्ठी नसेल तर मात्र कोणीतरी ते विचारलेच पाहिजे. माझे साधन चिठ्ठी होती का एवढे विचारून, नाही म्हटल्यावर, तोंड फिरवून बसत होते. ज्या गोष्टीचा या अभ्यासांनी कधी दावाच केला नव्हता तिच्यासाठी मी त्यांना नापास केले, आणि जी गोष्ट त्यांना खडसावून विचारायला हवी होती ती विचारलीच नाही. दिवाणी दावा फौजदारी नोंदवहीत चढवणाऱ्या एका कारकुनाला मी नोकरीत असताना सर्वांसमक्ष फैलावर घेतले होते. त्या बिचाऱ्याची माफी मागायला हवी.

“मावशी,” मी म्हणालो, “हा प्रश्न कोणीही विचारला नाही.”

“मग तिगं मिळून काय करत हुता?”

मी परत आलो. त्या शुक्रवारी मावशी आणि आबा भात तसेच सोडून लोणावळ्याला उतरले. त्यांना महिनाभराच्या गोळ्या मिळाल्या. सबंध दिवस गेला. हे मला त्यांनी नंतर सांगितले, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

मी मात्र त्या गुरुवारी संध्याकाळीच समितीच्या इतर दोन सदस्यांना पत्र लिहून बैठक मागितली. बैठकीत मी म्हणालो, तिसऱ्या साधनाने सगळे अभ्यास पुन्हा तपासू. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिले, आणि त्यांनी मनातल्या मनात जे उद्गार काढले असतील ते गिळून त्या एवढेच म्हणाल्या, “त्यात ‘बहुधा’ आहे, काका.”

आक्षेप आला तो प्राध्यापकांकडून, आणि तो असा होता की मला उभे राहून त्यांना नमस्कार करावासा वाटला.

“साहेब, निकाल पाहून झाल्यावर साधन बदलायचं? निकाल आवडला नाही म्हणून? उद्या तोही आवडला नाही तर चौथं आणणार? साधन आधी ठरवायचं असतं, ते एवढ्याचसाठी.”

हे शंभर नंबरी खरे होते. हवा तो निकाल मिळेपर्यंत न्यायाधीश बदलत राहणाऱ्या पक्षकाराविषयी मी काय काय बोललो आहे, ते येथे छापण्याजोगे नाही. आता त्या पक्षकाराच्या जागी मी होतो.

दोन तास वाद झाला. शेवटी तोडगा डॉक्टरबाईंनी काढला, आणि तो इतका कायदेशीर होता की तो मला सुचला नाही याचे वैषम्य वाटते. जुने मूल्यमापन फाडायचे नाही. ते परिशिष्टात तसेच ठेवायचे. साधन का बदलले, केव्हा बदलले आणि मूळ चूक कोणाची, हे पहिल्या पानावर लिहायचे. प्रत्येक प्रकरणाचा निर्णय कसा करायचा ते अभ्यास उघडण्यापूर्वी कागदावर ठरवायचे, त्यावर तिघांनी सह्या करायच्या आणि मगच सुरुवात करायची. आणि या वेळी मी तपासणार नाही. ते काम प्राध्यापक आणि डॉक्टरबाई करतील.

“मला का वगळता?”

“तुम्ही कुरवंड्याला जाऊन आलात,” प्राध्यापक म्हणाले. “तुम्ही आता फुटलेले साक्षीदार आहात.”

त्यांनी तो शब्द माझ्या त्या रजिस्टर पत्रापासून जपून ठेवला असावा. ‘मूळ चूक कोणाची’ हा परिच्छेद लिहिण्याचे काम मात्र मी मागून घेतले. तो दीड पानांचा झाला. डॉक्टरबाईंनी चार ओळींवर आणला.

नवे मूल्यमापन झाले. कोणाला वाटेल की आता सगळे अभ्यास उत्तीर्ण झाले आणि गाडीला हार घालण्यात आला. तसे मुळीच झाले नाही. निम्म्याहून अधिक अभ्यास पहिल्याच प्रकरणात कोसळले. त्यांनी सडकेच्या गावांची तुलना बिनसडकेच्या गावांशी केलेली होती, म्हणजे मावशींच्या एका प्रश्नासरशी ते निकालात निघाले असते. काहींत मधूनच निघून गेलेल्या रुग्णांचा पत्ता नव्हता. पण थोडे उरले. त्यांनी त्याच गावांत गाडी येण्याआधी आणि आल्यानंतर मोजले होते, गाडी न जाणारी पण सडक असलेली गावे तुलनेला घेतली होती, आणि रोज गोळी लागणाऱ्या रुग्णांची गोळी चुकते का, हे पाहिले होते. त्यांचे म्हणणे एकाच दिशेचे होते. पक्के नव्हते, पण सोडून देण्यासारखेही नव्हते.

नव्या अहवालातले शेवटचे वाक्य डॉक्टरबाईंनी लिहिले: ‘नियमित औषधांच्या रुग्णांना फिरत्या दवाखान्याचा बहुधा उपयोग होतो.’ मी ते तीनदा वाचले. ‘बहुधा’च्या जागी बसेल असा दुसरा शब्द मी दोन दिवस शोधला. ‘निश्चित’ खोटे होते. ‘कदाचित’ भित्रे होते. जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगणारा तो एकच शब्द होता. मी सही केली.

हा अहवाल नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अध्यक्षांकडे गेला. आठ दिवस गेले, पोच आली नाही. मी फोन केला.

“साहेब, माझ्यापुढे दोन अहवाल आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “एक म्हणतो पुरावा नाही, एक म्हणतो बहुधा उपयोग आहे. दोन्हींवर तुमची सही. मी मानू कुठला?”

“नंतरचा.”

“असं कायद्यात आहे?”

“मृत्युपत्राच्या बाबतीत आहे.”

“मग समितीचं मृत्युपत्र समजून कपाटात ठेवतो,” असे म्हणून ते हसले. मी हसलो नाही. विषय पुढल्या तिमाहीच्या सभेत विचारार्थ घेऊ, असे ते म्हणाले, आणि माझ्या प्रकृतीची चौकशी करून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर मी पाच पत्रे लिहिली. पाचही पोचली, पावत्या आहेत. उत्तर एकाचेही नाही. गाडी आवारात ताडपत्रीखाली उभी आहे. मागल्या गुरुवारी मी पुन्हा कुरवंड्याला गेलो. मावशींनी पट्टी दाखवली नाही, मीच विचारले. मधे पुन्हा एकदा लोणावळ्याला जाऊन आणल्या, त्या या महिन्याच्या अखेरपर्यंत पुरतील, म्हणाल्या. “तुमच्या समितीचं काय झालं, भाऊ?” मी सांगितले की समितीने चूक कबूल केली आहे, आता अध्यक्षांच्या उत्तराची वाट पाहत आहोत. “त्यांना म्हनावं, हितं येऊन सांगा,” त्या म्हणाल्या. “समद्यांसमोर. आमी काय मारत न्हाई.”

ही सूचना रास्त आहे आणि मी ती जशीच्या तशी उचलतो. चूक माझी होती. ती मी छापून दिली आहे आणि आणखी कोठे छापायची असल्यास हरकत नाही. आता अध्यक्षांची पाळी आहे. त्यांनी मला पत्र पाठवू नये, फोन करू नये, चहाला बोलावू नये. कुरवंड्याच्या येत्या ग्रामसभेत, महिना संपण्यापूर्वी, त्यांनी स्वतः यावे, ध्वनिक्षेपकासमोर उभे राहावे, आणि गाडी कोणत्या गुरुवारी येणार ती तारीख सांगावी. येणार नसेल, तर कोणत्या पुराव्यावरून येणार नाही, तो पुरावा कोणत्या साधनाने तपासला आणि ते साधन कोणी निवडले, हे सर्वांदेखत सांगावे. ‘विचाराधीन आहे’ हे उत्तर धरले जाणार नाही. इतिवृत्त मी लिहून घेईन.